भाजावळ म्हणजे पराळी नव्हे

कातळवाडीकर: काल इथे कुणा शहाण्याने टाकलंय की कोकणातलं राब भाजणं (भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, आमची भाजावळ) आणि पंजाबातलं पराळी, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला भाताचा पेंढा, जाळणं एकच, दोन्ही बंद करा. अहो तिकडे गव्हाची पेरणी गाठायला रानंच्या रानं पेटवतात. आम्ही भाजतो तरव्यापुरती, म्हणजे रोपं करण्यापुरती जागा, तिला दाढ म्हणतात, एखाद-दोन गुंठे. शेण, त्यावर कवळं (झाडांच्या तोडलेल्या पानांसकट फांद्या), मग पातेरा (सुका पाला), वर मातीचा हात, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं म्हणजे भडकत नाही, धुमसतं. तणाचं बी मरतं, माती पोकळ होते, रोप मुळासकट अलगद सुटतं.

बांधावरचा: शहाणा मीच. कवळं तोडून तोडून आमच्या वरच्या रानातल्या ऐनाच्या झाडांचे नुसते खुंट राहिलेत. शेण जाळायचं, नत्र धुरात घालवायचं आणि मग युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभं राहायचं! चारसूत्री भातशेतीत पहिलंच सूत्र काय? तुसाची काळी राख दाढीत, पेंढा शेतात.

कातळवाडीकर: म्हणजे तूस तुम्ही पण जाळताच की 😂

उडवीवाला: पेंढा मी घातलेला, ऐन चिखलणीला, लावणीसाठी चिखल करतात तेव्हा. पंधरा दिवसात भात पिवळं, सगळं नत्र पेंढाच कुजताना खाऊन बसला.

बांधावरचा: चिखलणीला घातलात ते चुकलं, आधी कुजू द्यायचा ना. आणि सगुणा पद्धतीत तर न नांगरता बी थेट टोकायचं, लावणीच नाही, दाढच नको, धसकटं मुळांसकट जमिनीत.

उडवीवाला: आणि तणनाशक कोण मारणार, तुम्ही? बरं मुळं राहतील हो, वरचं गुरं ठेवतील तर ना, कापणी झाली की गावभर मोकाट. भातामागे मका केला, तर एका सकाळी बारा-पंधरा माकडं, कणीस सोलायचं, दोन दाणे खायचे, टाकायचं. उरलं ते रात्री डुकरांनी. पंचनाम्याला आलेला विचारतो, माकडंच होती कशावरून?

चाकरमानी७८: माकडांवर वेगळा धागा काढा.

उडवीवाला: तुम्ही बोलूच नका! मुंबईला बसून जमिनी ओसाड टाकता, तिथे रान माजतं, तिथूनच येतात सगळी.

चाकरमानी७८: माझ्या जमिनीवर कोण काय कसतंय आणि खंड किती देतंय ते इथे काढू का?

बांधावरचा: पुरे रे. गोळी खताचं, म्हणजे युरिया दाबून केलेल्या गोळ्यांचं बोला. रोपांच्या चार चुडांच्या मधे एक, चार बोटं खोल. पहिल्या दिवशी बायकांनी मला शिव्या घातल्या, कंबर मोडली म्हणून, पण युरिया फेकला की पावसाबरोबर व्हाळात (ओढ्यात) जायचा तो थांबला.

कातळवाडीकर: गोळी खत मान्य, घ्या. हिरवळीच्या खताचं झाड, गिरिपुष्प, पण बांधावर लावलंय, तुम्ही सांगायच्या आधीच. दाढ मात्र यंदाही भाजणार, ऐन न तोडता, नुसत्या पातेऱ्यावर. बघायला या, येताना गलोल आणा.