उत्तर: हवेचा पैसा शाळेच्या क्रॉसिंगवर का?

वर एकांनी विचारलंय की हवा स्वच्छ करायचा पैसा शाळेसमोरच्या क्रॉसिंग आणि फुटपाथवर का घालायचा. मला तो तिथे घालणं बरोबरच वाटतं. आमच्या बे एरियात (कॅलिफोर्नियातला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) हवा स्वच्छ करण्यासाठी प्रत्येक गाडीच्या रजिस्ट्रेशनमागे 4 डॉलर सरचार्ज घेतात, त्यातला 40 टक्के वाटा काउंट्यांमार्फत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या) वाटला जातो आणि त्यातून शहरं अशा कामांसाठी अर्ज करतात. पण अर्जात "मुलं सुरक्षित होतील" एवढं लिहून भागत नाही, किती गाड्यांच्या फेऱ्या कमी होतील आणि खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे किती प्रदूषण वाचेल त्याचा हिशोब द्यावा लागतो.

आणि शाळेच्या फेऱ्या छोट्या असल्या तरी किरकोळ नाहीत, कारण पेट्रोलच्या गाडीचं इंजिन थंड असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) नीट काम करत नाही, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यात घाण धूर, आणि शाळेपर्यंतची सगळी फेरी त्याच मिनिटांत संपते. आम्ही शाळेपासून पाऊण मैलावर राहतो तरी दोन वर्षं मुलीला गाडीनेच सोडत होतो, मधला सहा लेनचा रस्ता एकटीने ओलांडायला पाठवायची हिंमतच व्हायची नाही. तिथे पादचाऱ्यांसाठी फ्लॅशिंग लाइट आणि मध्ये थांबायला बेट झालं तेव्हापासून ती शेजारच्या दोघांबरोबर चालत जाते, म्हणजे आमच्या गल्लीतल्याच तीन गाड्या कमी झाल्या.