'सेट'चे ४३० अर्थ, म्हणून इंग्रजी कंगाल?

तिरकस
खडूसकाकांनी काल लिहिलं, "इंग्रजी ही कंगाल भाषा. एका 'सेट'वर ४३० अर्थ लादलेत. मराठीत प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द!" खाली टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात भुंगा, म्हणून हा धागा.

आकडा खरा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. (पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ.) पण 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. जुन्या इंग्रजीत ते 'सिट'चं प्रयोजक रूप होतं, आपलं बसणे-बसवणे तसंच. आपण अंगठीत हिरा बसवतो, मोडलेलं हाड बसवतो. इंग्रजही दोन्हीकडे 'सेट'च म्हणतो. शिवाय आपण नाटक बसवतो, घडी बसवतो, चोरावर जरबही बसवतो. कुठे गेले ते स्वतंत्र शब्द?

खडूस
मोजून पाच उदाहरणं दिलीत. उरलेली ४२५? आणि चमच्यांचा सेट, त्याला काय 'चमच्यांचं बसवणं' म्हणणार? आपल्याकडे संच आहे, जुडगा आहे, जोड आहे. पण तरण्या पोरांना सगळीकडे सेटच हवा. 'लाईफ सेट', 'सेटिंग लावली'. परवा पुतण्या म्हणाला, "काका, तुमचा मूड सेट करतो." मी काय घड्याळ आहे?

गणितमास्तर
काका, चमच्यांचा 'सेट' हा मुळात वेगळाच शब्द. तो लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. सेक्टा म्हणजे अनुयायी, पंथ. पुढे उच्चार सारखे झाले आणि दोघे एकमेकांत मिसळले. म्हणजे व्युत्पत्तीने चमच्यांचा सेट = चमच्यांचा संप्रदाय. राजकारणात हे शब्दशः खरं आहे. हलके घ्या.

पूर्वाभिमुख
इतकं फिरायची गरजच नाही. 'सेट' हा सरळ संस्कृत 'सद्'वरून आलाय. संसद, सभासद, उपनिषद, सगळीकडे बसणंच आहे. इंग्रजांनी उचलला आणि आपण त्यांचे आभार मानतोय!

तिरकस
आला! याचीच वाट बघत होतो. सद् आणि सिट एकाच आजीची नातवंडं आहेत. चुलतभावाला बाप म्हणू नये. आणि गंमत म्हणजे आपलं स्वतःचं 'बसणे' सद्‌वरून आलेलं नाही, 'उपविश्'वरून आलंय. म्हणजे सद् इंग्रजांच्या क्रियापदात रोज राबतोय आणि आपण तो संसदेत ठेवलाय.

पूर्वाभिमुख
परदेशी विद्वानांनी लिहिलेलं तुम्ही डोळे मिटून खरं मानणार. चालू द्या.

शब्दवेडी
बसवणे सोडा हो. 'लागणे' घ्या! भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दम लागतो, वेड लागतं, डोळा लागतो, बोलणं मनाला लागतं, दोन तास लागतात आणि शेवटी जावं लागतं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात याची नोंद काढून बघा, वाचताना खरंच दम लागतो.

खडूस
ताई, हे वाक्प्रचार झाले. अर्थ नव्हेत.

शब्दवेडी
वा! 'सन सेट' झाला की अर्थ आणि 'डोळा लागला' की वाक्प्रचार? ही कुठली तराजू?

गणितमास्तर
अवांतर: 'लग्न'सुद्धा त्याच 'लग्'पासून. म्हणजे लग्न लागतं तेव्हा एकच धातू दोनदा लागतो.

शब्दवेडी
मास्तर, दंडवत. आणि नवरा गळ्यात पडतो ती गोष्ट वेगळीच.

खडूस
धागा 'सेट'चा होता. आता लग्नावर पोचला. संपादक झोपलेत का?

रात्रपाळी
मी अनुवादावर पोट भरते, त्यामुळे कोणाची भाषा श्रीमंत यात मला रस नाही. एका गोंदाचं माहितीपत्रक तपासायला आलं होतं. मराठी यंत्राने केलेलं. दुसरी पायरी होती, "गोंद दहा मिनिटे मावळू द्या." पाच मिनिटं नुसती बघत बसले. मूळ वाक्यात 'सेट', यंत्राने सूर्य धरला. 'घट्ट होऊ द्या' लिहिलं. पुढच्याच ओळीत 'सेट स्क्रू', तो फिरवून काटा शून्यावर 'सेट' करा, आणि पेटीत सुट्या भागांचा एक 'सेट'. चार ठिकाणी चार शब्द शोधले: घट्ट, अडकवणीचा, आणणे, संच. तेव्हा काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. इंग्रजाला एका शब्दात भागतं, मला चार लागले.

खडूस
कोणीतरी शहाणं भेटलं. धन्यवाद, ताई!

रात्रपाळी
काका, थांबा. उलट दिशेने काम आलं की 'लागणे' मला दर वेळी रडवतं. 'निकाल लागला' आणि 'वाट लागली' यांना इंग्रजीत एक क्रियापद देऊन दाखवा.

खडूस
बरं. 'लागणे'पुरतं मान्य. सगळ्यांचं समाधान झालं? पण 'मूड सेट' मी मरेपर्यंत ऐकून घेणार नाही.

तिरकस
त्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत, काका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.

गणितमास्तर
ताई, ते 'मावळू द्या' वेळेत पकडलं ना?

रात्रपाळी
कुठलं. जुनीच प्रत छापायला गेली. प्रत्येक खोक्यात दुरुस्तीची चिठ्ठी लावावी लागली.