मृत्युपत्रात विद्यापीठासाठी पैसे ठेवावेत का? घरी विरोध आहे

गोदाकाठ: मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत ३१ वर्षं काढली, आता वय ६८. दहावी नापास होतो. १९९३ ला मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी कोर्स केला आणि मग बी.ए., सगळं सेकंड शिफ्ट करून, रात्री साडेबाराला घरी आलो की ओट्यावर पुस्तक ठेवून उभ्याउभ्याच वाचायचो कारण बसलं की डोळा लागायचा. परीक्षेला शेजारच्या बाकावर एक ताई असायच्या, त्यांची आई बाहेर व्हरांड्यात बाळाला घेऊन बसलेली, रडण्याचा आवाज आला की ताईंचं पेन थांबायचं. मी सुपरवायझर झालो तो त्या डिग्रीमुळे. आता मृत्युपत्र करतोय. पंचवटीतला फ्लॅट दोन्ही मुलांना, आणि एफडीतले ५ लाख विद्यापीठाला, नोकरी करून शिकणाऱ्यांच्या फीसाठी. मुलगा म्हणतो विद्यापीठाला द्यायला सरकार आहे, आपण कशाला. मुलगी काहीच बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोवाला: काका राग मानू नका पण मुलाचं बरोबर आहे. विद्यापीठाचा कारभार कोटींचा, त्यात तुमचे ५ लाख कुठे दिसणार? मुद्दल ठेवून ६ टक्क्यांनी वर्षाला ३० हजार. आणि आज ३० हजाराला जे येतं ते वीस वर्षांनी येणार नाही. त्यापेक्षा पेठ सुरगाण्याकडच्या एखाद्या झेडपी शाळेला द्या, पोरांच्या हातात वह्या पुस्तकं गेलेली दिसतील तरी. आणि मुलाच्या डोक्यावर होमलोन असेल तर आधी ते बघा ना.

गोदाकाठ: लोन आहे, पण फ्लॅट त्याच्यासाठीच ठेवलाय ना. आणि दादा, ३० हजारात चार पाच जणांची वर्षाची फी निघत असेल तर त्या चार पाच घरांसाठी ती मोठीच रक्कम आहे. माझी फी भरायला तेव्हा बायकोने भिशीचे पैसे काढून दिले होते.

कोर्टाच्या_पायऱ्या: वकिली करते म्हणून लिहिते. स्वतः कमावलेलं तुम्ही कुणालाही देऊ शकता, हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम ३० मध्ये ते स्पष्ट आहे. साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नका. स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून टाका, नंतरचे वाद कमी होतात. सगळ्यात जास्त घोळ एफडीवर होतो. नॉमिनी मुलगा असेल तर बँक पैसे त्याच्या हातात देणार, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण त्याने पुढे दिलेच नाहीत तर विद्यापीठ कोर्टात भांडत बसणार का? म्हणून मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस नेमा आणि विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव लिहा, नुसतं "मुक्त विद्यापीठ" नको. अट फार घट्ट घालू नका, उद्या तो कोर्सच बंद झाला तर? "किंवा तत्सम शिक्षणासाठी" एवढं जोडा.

इंदिरानगरची_मावशी: माझा ठाम विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. माझ्या दिरांनी लेकीच्या नावाने एका कॉलेजला बक्षिसासाठी पैसे ठेवले, पहिली दोन वर्षं कार्यक्रमाचं बोलावणं आलं, जाऊबाई नवी साडी नेसून गेल्या, मुलीचं नाव माईकवर ऐकून घरी येऊन रडल्या. तिसऱ्या वर्षी काहीच नाही. फोन केला तर नवीन क्लार्क म्हणे फाईल सापडत नाही. दीर तोवर गेले होते, विचारणार कोण? भाऊ, द्यायचं असेल तर जिवंतपणी द्या, पावती घ्या, दरवर्षी जाऊन विचारा.

कोर्टाच्या_पायऱ्या: मावशींच्या बोलण्यात तथ्य आहे. मेल्यावर दिलेल्या दानाला ८०जीची, म्हणजे दानावरच्या आयकराची, सवलत तुमच्या टॅक्समध्ये मिळत नाही, जिवंतपणी जुन्या कररचनेत असाल आणि संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तर मिळते.

जुनं_नाशिक: मोठमोठी दानं बघा, बरीचशी हयातीतच दिलेली आहेत. विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावासाठी महिला विद्यापीठाला १९२० ला १५ लाख दिले, आजही एसएनडीटीतले एन डी टी म्हणजे त्या नाथीबाई दामोदर ठाकरसीच. उलट जमशेदजी टाटा १९०४ ला गेले आणि बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ ला झाली, कारण मुलांनी बापाचं ते स्वप्न मनावर घेतलं. मुलं पाठीशी असतील तर मृत्युपत्रही चालतं, नसतील तर कितीही पक्का कागद करा, त्रासच.

सिडकोवाला: हेच म्हणतोय मी! मुलगा नाराज असताना करू नका.

गोदाकाठ: दोन दिवस विचार केला. मावशी, तुमच्या जाऊबाईंचं वाचून खरंच गलबलून आलं. काल मुलीला स्पष्टच विचारलं तर ती म्हणाली, बाबा मला झोपेत तुमचा पानं उलटण्याचा आवाज यायचा, तुम्ही द्या. तिचा होकार आहे. मुलगा अजून गप्प. आता ठरवलंय की २ लाख यंदाच द्यायचे आणि ३ लाख मृत्युपत्रात. अंमलबजावणी मुलीकडे, आणि त्या एफडीवर नॉमिनीही तिलाच करतो. सोमवारी गोवर्धनला विद्यापीठात जाऊन मुद्दल कसं ठेवतात, व्याज कुणाला देतात, हिशोब दरवर्षी दाखवणार का, हे विचारून येतो.

सिडकोवाला: काका मला अजूनही झेडपी शाळाच बरोबर वाटते. पण जाताना मुलाला बरोबर न्या, एकटे जाऊ नका.