हॉटेलातले समाधान स्वभावातून येते की रोस्टरमधून, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकातून?

धागाकर्ता (विजयनगर, इंदूर):
हॉटेलचे फ्रंट ऑफिस, म्हणजे स्वागतकक्ष, सांभाळण्यात माझी बारा वर्षे गेली. समोरच्याच्या रागामागचे कारण ओळखून स्वतःचा राग आवरण्याची क्षमता, म्हणजेच मानसशास्त्रज्ञ सालोवी आणि मेयर यांनी १९९० साली मांडलेली भावनिक बुद्धिमत्ता, ज्याच्यापाशी असते तोच या पेशात समाधानाने टिकतो, असे माझे ठाम मत आहे. गेल्या लग्नसराईत एक गृहस्थ रात्रभर प्रवास करून पहाटे सहाला आले आणि खोली बाराला मिळणार हे कळताच काउंटरवर हात आपटू लागले. आमच्या नव्या मुलाने नियम न ऐकवता त्यांच्या वृद्ध आईला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तासाभरासाठी एक रिकामी खोली उघडून दिली. मुलगा दिवसभर खुशीत होता.

सराफ्याजवळचा:
उदाहरण उत्तम आहे, परंतु ते तुमच्याच विरुद्ध जाते. खोली उघडता आली म्हणून त्याची समजूत कामी आली. ज्याच्या हाती देण्यासारखे काहीच नसते, त्याच्या वाट्याला नुसते हसणे उरते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या कामाविषयी लिहिताना त्यालाच भावनिक श्रम म्हटले, आणि श्रम म्हटले की मोबदल्याचा प्रश्न आलाच. मी हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईत, ब्रेक शिफ्ट केली आहे: सकाळी सात ते अकरा, पुन्हा सायंकाळी सहा ते अकरा. मधले सात तास ना घरचे, ना कामाचे. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात खवय्यांची गर्दी ऐन भरात असताना मी त्यातून सायकल हातात धरून वाट काढी, आणि घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असे. यात माझी भावनिक बुद्धिमत्ता नेमकी कुठे कमी पडली?

एक वाचक:
भावनिक बुद्धिमत्तेचा कामातल्या समाधानाशी संबंध जोडणाऱ्या अनेक अभ्यासांत एकच कर्मचारी एकाच बैठकीत स्वतःच्या बुद्धिमत्तेला आणि स्वतःच्या समाधानालाही गुण देतो. त्या दिवशी मन प्रसन्न असेल, तर दोन्ही आकडे बरोबरच चढणार. त्यावरून कार्यकारणसंबंध काढू नये.

धागाकर्ता:
ब्रेक शिफ्टचे समर्थन मी करणार नाही. हेही कबूल करतो, की खोली उघडण्यापूर्वी त्या मुलाने मला झोपेतून उठवून परवानगी घेतली होती आणि माझ्या आधीच्या व्यवस्थापकांनी ती दिली नसती. तरीही फोन करावा हे त्याला सुचले, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला नाही.

सराफ्याजवळचा:
मान्य. तासाभराने त्या खोलीच्या चादरी कोणी बदलल्या, तेवढे सांगा.