मदत हवी आहे: साबांना (सासूबाईंना) लघवीला जळजळ, फार्मसीने परत पाठवलं

मृण_लेस्टर:
साबांना कालपासून लघवीला जळजळ होतेय, रात्री पाचसहा वेळा उठल्या, लघवी गढूळ आहे. आज शनिवार, जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) थेट सोमवारी. इथे इंग्लंडमध्ये फार्मसी फर्स्ट योजनेत डॉक्टरकडे न जाता फार्मासिस्टकडूनच मिळतं ना औषध, म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीत नेलं तर तिथल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि जमणार नाही म्हणाल्या. मला मार्चमध्ये तिथेच तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या! दुसऱ्या फार्मसीत नेऊ का? लवकर सांगा प्लीज

केदार७८:
वय? शुगर? ताप?

सिंहगडरोड:
आम्ही मेडिकलमधून सरळ पट्टी आणतो, बाबांना नॉरफ्लॉक्सने दोन दिवसात उतार पडला. तिकडे सगळाच त्रास.

मृण_लेस्टर:
६८. वयाचा काय संबंध?

गोळ्याऔषधं:
तोच संबंध आहे. मी बर्मिंगहॅममध्ये फार्मासिस्ट आहे. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून आम्हाला सात आजारांवर औषध द्यायची मुभा आहे, पण युरिन इन्फेक्शनला फक्त १६ ते ६४ वयाच्या बायका, त्यापण गरोदर नसलेल्या. दुसरीकडेही हेच सांगतील, फेऱ्या नका मारू. तुम्हाला दिलेली गोळी किडनी नीट चालत असेल तरच देतात. १११ ला (सरकारी आरोग्य हेल्पलाइन) फोन करा. आणि @सिंहगडरोड, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही हा नियम भारतातही आहे.

सिंहगडरोड:
नियम आहे हो, पण म्हाताऱ्या बाईने सोमवारपर्यंत कण्हत बसायचं का?

गोळ्याऔषधं:
नाही, म्हणून तर १११ म्हणतोय.

शर्वरी_टोरांटो:
आमच्या ओंटारिओत २०२३ पासून फार्मासिस्ट लिहून देतात, माझ्या लेकाचे डोळे आले होते तेव्हा १० मिनिटात काम झालं.

अन्नपूर्णा६०:
बार्लीचं पाणी द्या गं, धणेजिरे घालून.

मृण_लेस्टर:
ताप नाहीये, पण दुपारपासून शाल गुंडाळून बसल्यात, कंबर दुखतेय म्हणतात ती नेहमीचीच. शुगरची गोळी चालू आहे, सांगायचं राहिलं. व्हिजिटर व्हिसा आहे, पैसे पडतील का?

गोळ्याऔषधं:
शाल म्हणजे थंडी वाजतेय, आत्ता थर्मामीटर लावा! कंबर एकाच बाजूला, बरगडीखाली दुखतेय का विचारा, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असेल तर थांबायचं नाही. १११ आणि जीपीला व्हिजिटरलाही पैसे नाहीत, अ‍ॅडमिट केलं तर बिल येतं, इन्शुरन्सचे कागद जवळ ठेवा.

मृण_लेस्टर:
१०१.४, उजवीकडेच दुखतंय. १११ वाल्यांनी लगेच हॉस्पिटलला न्यायला सांगितलं, निघतोय.

गोळ्याऔषधं:
चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या सोबत.