साप्ताहिक सुट्टीचा तक्ता प्रशिक्षणार्थी मॅनेजरच्या हाती द्यावा का?

शटर_अर्धे (धागाकर्ता)

किराणा, भाजीपाला आणि घरगुती वस्तूंच्या मोठ्या दुकानांत प्रशिक्षणार्थी स्टोअर मॅनेजर म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना जीआरएन (आलेला माल तपासून त्याची नोंद) कसा करायचा, मुदत आधी संपणारा माल पुढे कसा लावायचा, रॅक प्लॅनोग्रामप्रमाणे (कोणता माल कुठे ठेवायचा याच्या आराखड्याप्रमाणे) भरले आहेत की नाहीत हे कसे तपासायचे आणि रात्री कॅश टॅली कशी करायची, हे सगळे तपशीलवार शिकवले जाते. माणसांकडून काम कसे करून घ्यायचे हा विषय आला की मात्र एखादे व्याख्यान होते, चार स्लाइड दाखवल्या जातात आणि विषय संपतो. नाशिक आणि पुण्याच्या दुकानांत अशा बऱ्याच प्रशिक्षणार्थींबरोबर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या महिन्यापासूनच एका विभागाचे रोस्टर, म्हणजे कोण कोणत्या शिफ्टला येणार आणि कोणाचा वीकऑफ कोणत्या वारी पडणार हे ठरवण्याचे काम, त्यांच्याकडे सोपवावे आणि त्या कागदावर सहीही त्यांचीच असावी.

विक्रीचा आकडा पावसावर, ऑफरवर, शेजारी उघडलेल्या दुकानावर आणि महिन्याच्या तारखेवर अवलंबून असतो. तो वाढला म्हणून प्रशिक्षणार्थीने टीम चांगली सांभाळली असे म्हणता येत नाही. रोस्टर हा मात्र सर्वस्वी त्याचा निर्णय असतो. रविवारी गर्दी सर्वांत जास्त, आणि सुट्टीही सर्वांना रविवारीच हवी असते. पगार झाल्यानंतरच्या आठवड्यात लोक महिन्याचे सामान भरायला येतात, तेव्हा संध्याकाळी सहा ते नऊ एकही बिलिंग काउंटर बंद ठेवून चालत नाही. गौरी-गणपतीला कोकणात गाव असलेले सगळे एकाच वेळी रजा मागतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात तर रजेचे नावच काढायचे नसते. कोणाची मुलगी दहावीला आहे, कोणाची शेवटची बस पावणेदहाची आहे, लागोपाठ किती रविवार कोणी काढले आहेत, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो तक्ता भरताच येत नाही. आणि ठाऊक करून घ्यायचे तर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावेच लागते.

वरिष्ठाने फक्त कायद्याची चौकट पाहावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी मिळालीच पाहिजे असेही सांगितले. स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचे असेल तर त्यांची संमती, सुरक्षिततेची हमी आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी, हेही त्यात आहे. एवढे पाळले गेले असेल तर उरलेला तक्ता लाल पेनाने दुरुस्त करण्याचा मोह त्याने आवरावा, असे माझे म्हणणे आहे. उलट बाजू असेल तर अवश्य मांडावी.

हिशेबी

उलट बाजू आहे, आणि थोडीथोडकी नाही. मुंबईतल्या एका सहकारी ग्राहक भांडारात माझी सारी नोकरी झाली, त्या आधारावर लिहितो आहे. आपला हात बसावा म्हणून दुसऱ्याचा रविवार खर्ची घालण्याचा अधिकार प्रशिक्षणार्थीला कोणी दिला? तो काही महिन्यांनी बदली होऊन निघून जाईल. ज्या बाईचा भावाच्या साखरपुड्याचा दिवस त्याने बिलिंगला लावला, तिला तो दिवस परत मिळणार नाही.

माझा मूळ आक्षेप याहूनही वेगळा आहे. कोणते काम किती जड आहे हे ज्याने स्वतः केलेले नाही, त्याला कोणाला कुठे लावावे हे कळणार कसे? भाजी विभागाचेच पाहा. सकाळी दुकान उघडण्याआधी क्रेट उलटे करून टोमॅटो निवडावे लागतात. एक फुटका टोमॅटो खाली राहिला तर दुपारपर्यंत आजूबाजूचे दहा ओले होतात. कोथिंबिरीच्या जुड्या सोडून पिवळी पाने काढायची, मुळे झटकायची, पाणी मारायचे, आणि जे टाकायचे ते वजन करून डम्पच्या वहीत लिहायचे. हे काम दोन सरावलेल्या माणसांना सव्वा तास पुरत नाही. तक्ता करणारा नवखा साहेब तिथे एक अनुभवी आणि एक कालच रुजू झालेला मुलगा लावतो, कागदावर संख्या दोन दिसते म्हणून त्याचे समाधान होते, आणि दहा वाजता ग्राहक कुजकी कोथिंबीर हातात धरून उभा राहतो.

शिवाय कर्मचारी नव्या साहेबाला जोखतातच. वजनकाट्याचा लेबल रोल संपला की मुद्दाम त्यालाच हाक मारतात, "सर, हा कसा घालायचा?" आणि बाजूला उभे राहून पाहतात. रोल घालता आला नाही तर पुढचे काही आठवडे त्याच्या सूचनांना फक्त मान डोलावली जाते. म्हणून आधी सहा महिने प्रत्येक विभागात हाताने काम, मगच रोस्टर. हा क्रम उलटा करू नये.

नवी_बॅच

मी सध्या प्रशिक्षणार्थीच आहे, त्यामुळे हिशेबी काकांच्या मताला आदरपूर्वक विरोध करतो. "आधी प्रत्येक काम हाताने" हे तत्त्व म्हणून पटते, पण प्रत्यक्षात त्याचे काय होते ते सांगतो. दुकानात माणसे नेहमीच कमी असतात. त्यामुळे शिकाऊ साहेब म्हणजे हक्काचा फुकट हात ठरतो. बिलिंगला कोणी आले नाही की बसवा याला, ट्रॉल्या पार्किंगमध्ये अडकल्या की पाठवा याला, रात्री माल उतरला की थांबवा याला. शिकण्यासाठी एक आठवडा पुरला असता, त्या कामात तीन महिने जातात, आणि एक दिवस अचानक आदेश येतो की अमुक शहरात असिस्टंट मॅनेजर म्हणून रुजू व्हा. तिथे चाळीस माणसे असतात, आणि त्यांतल्या एकालाही काही सांगण्याची सवय आपल्याला झालेली नसते.

माझी खरी अडचण लेबल रोलची नाही, तो मी यूट्यूबवर पाहून शिकलो. माझे वय तेवीस आहे, आणि आमच्या विभागातल्या सर्वांत जुन्या ताई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. त्या मला "सर" म्हणतात आणि मी त्यांना "ताई" म्हणतो. रॅक भरताना फोनवर बोलू नका, हे एखाद्या ताईला कसे सांगायचे? पहिल्यांदा सगळ्यांसमोर विनोदाच्या सुरात सांगून पाहिले, तर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. नंतर कळले की त्यांच्या घरी सासऱ्यांची तब्येत बरी नव्हती आणि म्हणून फोन चालू होता. हे मला रोस्टरच्या निमित्ताने वीकऑफ विचारायला बसलो तेव्हा कळले. दोन महिने त्यांच्या शेजारी उभे राहून पाकिटे लावली, तेव्हा कळले नव्हते. त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे.

दुसऱ्याच्या_पेरोलवर

तुम्ही सगळे अशा दुकानाबद्दल बोलत आहात, जिथे फ्लोअरवरचा प्रत्येक माणूस दुकानाचाच नोकर आहे. असे दुकान आता कुठे आहे? शॅम्पूच्या रॅकपाशी उभी असलेली मुलगी शॅम्पूच्या कंपनीची प्रमोटर, दारावरचा सिक्युरिटी एका एजन्सीचा, झाडू मारणारे दुसऱ्या एजन्सीचे, माल उतरवणारे ठेकेदाराचे. मी स्वतः काही वर्षे प्रमोटर होते. माझा वीकऑफ कंपनीचा सुपरवायझर ठरवायचा, टार्गेट कंपनीचे असायचे, पण ग्राहकाने तेलाचा भाव विचारला आणि मी सांगितला नाही तर नाव दुकानाचे जायचे.

अशा माणसांसमोर प्रशिक्षणार्थीच्या हातात रोस्टर नसते, इन्क्रीमेंट नसते, मेमोसुद्धा नसतो. एका नव्या असिस्टंटने पहिल्याच दिवशी मला सांगितले, "तुमच्या कंपनीला मेल करीन." त्यानंतर मी त्याच्यासाठी फक्त शॅम्पूच विकला. दुसऱ्या एकीने वेगळे केले: सकाळच्या ब्रीफिंगला प्रमोटरनाही बोलावले, आजच्या ऑफर आम्हालाही सांगितल्या, आणि मुख्य म्हणजे कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत आम्हाला डबा खायला जागा दिली, त्याआधी आम्ही जिन्यात बसून जेवायचो. तिच्या काळात आम्ही शेजारचे रिकामे रॅकसुद्धा न सांगता भरत होतो. धागाकर्त्यांचे म्हणणे मला उलटे वाटते. वीकऑफ ज्याच्या हातात आहे त्याचे सगळेच ऐकतात, त्यातून आपण नेतृत्व शिकलो की नाही हे त्या बिचाऱ्याला कळणार कसे? अधिकार नसलेल्या ठिकाणी त्याला आधी उभे करा.

काउंटर_चार

मी कॅशियर आहे. वरची चर्चा रोस्टरभोवती फिरते आहे, पण माणसाची पारख रोस्टरवरून होत नाही, रात्री गल्ला कमी भरला की होते.

रात्री दहाला ड्रॉवर मोजला आणि पाचशे रुपये कमी आले, की पोटात गोळा येतो. एका प्रशिक्षणार्थीने अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये, तीस जणांसमोर, "काउंटर चारला काल शॉर्टेज होते" असे जाहीर केले. चोर म्हटले नाही, पण ऐकणाऱ्यांना वेगळे काय ऐकू गेले? दुसऱ्या एका मुलीने तिथेच स्टूल ओढले, दिवसाचा बिल रिपोर्ट काढला, आणि माझ्या शेजारी बसून यूपीआयच्या नोंदी एकेक करून लावल्या. सव्वासातच्या गर्दीत एका ग्राहकाने यूपीआय केले होते आणि मी घाईत कॅशचे बटण दाबले होते. रक्कम बँकेत आलेली होती, ड्रॉवरमध्ये येणारच नव्हती. हे शोधायला पाऊण तास लागला आणि तिची शेवटची रिक्षाही चुकली असेल. पगारातून कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातसुद्धा होते, म्हणजे ही काही मेहेरबानीची गोष्ट नव्हे.

आणखी एक. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळेत नुसते बसता यावे म्हणून लढावे लागले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसा बदल केला. स्टूल ठेवायला प्रशिक्षणार्थीला कोणत्या रोस्टरची किंवा सहा महिन्यांच्या अनुभवाची गरज आहे? बसलेला कॅशियर आळशी दिसतो असे एरिया मॅनेजरला वाटते. त्याला तोंड देणे हे शिकाऊ साहेबाचे काम.

शटर_अर्धे (धागाकर्ता)

प्रमोटरांचा मुद्दा मी मांडला नव्हता आणि तो वजनदार आहे, तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. "वीकऑफ हातात असला की सगळे ऐकतात" असे म्हणणाऱ्यांनी एकदा रोस्टर लावून पाहावे. ऐकत नाहीत. रविवारी सकाळी साडेआठला "पोटात दुखते आहे" असा व्हॉट्सॲप संदेश येतो, आणि त्या संदेशापुढे सही, शिक्का आणि मेमो यांचा काडीचाही उपयोग नसतो. अन्यायाने लावलेला तक्ता लोक भांडून मोडत नाहीत, न येऊन मोडतात. हा धडा मिळावा म्हणूनच तो अधिकार लवकर द्यावा असे मी म्हणतो.

हिशेबी साहेबांच्या साखरपुड्याच्या उदाहरणाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आपसांत शिफ्ट बदलण्याची मुभा ठेवावी, म्हणजे दोघांनी ठरवून सांगितले की प्रशिक्षणार्थीने ते नाकारू नये, एवढा उपाय सुचतो. कॅशियर ताईंनी सांगितलेले दोन्ही प्रसंग मात्र मला माझ्याच बाजूचे वाटतात: ज्या मुलीने शेजारी बसून यूपीआयच्या नोंदी लावल्या, तिला त्या काउंटरवर उद्या कोण बसणार याची काळजी स्वतःची वाटत होती.

हिशेबी

किंवा ती मुळातच चांगली होती. सगळे श्रेय तक्त्याला देऊ नका. तिला बिल रिपोर्ट काढता येत होता, कोणते बटण घाईत चुकून दाबले जाते हे ठाऊक होते, म्हणजे ती स्वतः कधीतरी त्या काउंटरवर बसली असणार. हे माझ्या बाजूचे नाही का? सहा महिने जास्त होतात हे नव्या बॅचच्या मुलाने लिहिलेले वाचून मी तीन महिन्यांवर यायला तयार आहे, त्याखाली नाही. दुसरे, त्या तीन महिन्यांत तो कोणत्या विभागात किती आठवडे असणार हे पहिल्याच दिवशी लिहून द्यावे, म्हणजे त्याला ट्रॉल्या गोळा करायला वापरता येणार नाही. आपसांत शिफ्ट बदलण्याचे म्हणाल, तर त्यात गरीब स्वभावाची माणसे प्रत्येक रविवारी अडकतात. ती मुभा कागदावर चांगली दिसते, आणि भरडला तोच जातो ज्याला नाही म्हणता येत नाही.

नवी_बॅच

हे खरे आहे. आमच्याकडे एक मुलगा सलग सगळ्यांचे रविवार करतो आहे, विचारले तर "मला चालते" म्हणतो. त्यावर काय करायचे हे मला अजून सुचलेले नाही. बदली शिफ्ट महिन्यातून एकदाच, असा नियम करावा की काय?

काउंटर_चार

नियम जरूर करा, पण त्याआधी तक्ता लावण्याचा वार बदला. आमच्याकडे तो शनिवारी रात्री लागतो आणि सोमवारपासून लागू होतो; तोवर कोणाला गावी जायचे असेल तर एसटीचे आरक्षणही मिळत नाही, मग माणूस पोटदुखीचाच संदेश पाठवणार. शिफ्ट हवी तर आयत्या वेळी ठरवा, गर्दीचा अंदाज तुम्हालाही उशिरा कळतो. वीकऑफचा वार तरी दोन आठवडे आधी सांगा. तो प्रशिक्षणार्थी सांगतो की मोठे साहेब, हे तुमचे तुम्ही ठरवा.