प्रॉम्प्टमध्ये 'नऊवारी' लिहूनही नऊवारी का येत नाही?

काष्टेवाली
आमच्या मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण करायचं होतं. चित्र काढणाऱ्या एआयला प्रॉम्प्ट, म्हणजे सूचना, लिहिली, 'नऊवारी नेसलेली मराठी आजी, हातात पन्ह्याचा पेला.' आली ती सहावारीतली बाई, सरळ निऱ्या, पेल्यात संत्र्याचं सरबत. आठ वेळा तेच. मग नाव गाळलं आणि डोळ्यांना दिसतं ते लिहिलं: 'साडीच्या निऱ्यांचं टोक दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं, धोतरासारखे दोन पाय वेगळे दिसतात, पोटऱ्या अर्ध्या उघड्या. पेल्यात फिकट पिवळसर हिरवट पेय, वर केशराच्या दोन काड्या. डावीकडच्या खिडकीतून सकाळचं ऊन.' दुसऱ्या झटक्यात काष्टा आला! माझं मत: वस्तूचं नाव पुरत नाही, तिचं वर्णन करा. तुम्हाला काय वाटतं?

पिक्सेलपंत
एवढा निबंध कशाला? शेवटी '८के, मास्टरपीस, सिनेमॅटिक लायटिंग' टाका, चित्र आपोआप उजळतं. मी 2022 पासून स्टेबल डिफ्युजन हे चित्रं काढणारं एआय मॉडेल वापरतोय, हे शब्द कामाला येतात.

काष्टेवाली
उजळतं हो, पण सहावारीच उजळते.

टोकनमोजे
पंत, तुमचं तेव्हा खरं होतं, त्याला कारणही आहे. ते मॉडेल इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या इंग्रजी ओळींवर शिकलं. चकचकीत चित्रांखाली लोक असलेच शब्द लिहायचे. पण मजकूर वाचणारा त्याचा भाग एका वेळी 77 टोकनच (टोकन म्हणजे शब्दाचा छोटा तुकडा) घेतो, त्यातली दोन सुरुवात-शेवटाची. देवनागरीत तर एकेका शब्दाला कितीतरी टोकन जातात. विशेषणांनी जागा अडवली की काष्टा रांगेत मागे. मोठ्या मॉडेलांत ही अडचण बरीच कमी झालीय. डॅल-ई 3 हे चित्रांचं मॉडेल आलं (2023) तेव्हापासून चॅटजीपीटी तुमचं वाक्य स्वतःच फुलवून पुढे पाठवतं. म्हणून मराठीत लिहिलं तरी भागतं, फक्त मधल्या फुलवण्यात 'आजी' कधी चाळिशीची होते.

नकोबाई
मला एक सांगा, 'चष्मा नको' लिहिलं की हमखास चष्मा का येतो? माझ्या सासूबाईंच्या चित्रात तीनदा आला.

टोकनमोजे
कारण त्याला 'चष्मा' ऐकू जातो, 'नको' नीट ऐकू जात नाही. आमच्या घरी पण एकाला असंच होतं. 'मोकळे डोळे, कपाळावर चंद्रकोर' असं लिहा. मिडजर्नी या चित्रांच्या एआयमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी सोय आहे, स्टेबल डिफ्युजनमध्येही वेगळा रकाना. तिथे लिहा, वाक्यात नको.

रेघोट्या
मी चित्रकार आहे, म्हणून जरा उलटं बोलतो. काष्टेवाली ताई, तुम्हाला जमलं कारण तुम्ही नऊवारी नेसलेली बघितलीय. ज्याने बघितलीच नाही तो काय वर्णन करणार? आणि सगळं इतकं बारीक सांगायचंच असेल तर मला सांगा ना. मी एकदाच ऐकतो, आठदा सहावारी काढत नाही.

पिक्सेलपंत
आणि पैसे?

रेघोट्या
घेतो की. नथ डाव्या नाकपुडीत काढायचेही त्यातच येतात. एआयची नथ मधोमध, बैलाच्या वेसणीसारखी. काष्टेवालींचं चित्र टाका, बघू.

काष्टेवाली
टाकते... बरोबर बोललात. मधोमध आहे.

फोटोवाला_मिलिंद
सगळेच शब्दांना धरून बसलात. आईचा नऊवारीतला एखादा फोटो द्या आणि म्हणा, 'नेसण हीच ठेव, बाकी जलरंगात कर.' 2023 पासून कंट्रोलनेट नावाचं साधन आहे, फोटोतल्या रेषा आणि शरीराची ठेवण धरून त्यावर चित्र करतं. काष्टा ही आकाराची गोष्ट आहे, ती आकारानेच सांगावी. प्रॉम्प्ट मग उजेड, रंग, कागदाचा पोत एवढ्यापुरता.

काष्टेवाली
हे पटतंय, पण अर्धंच. माझ्याकडे आईचे नऊवारीतले फोटो आहेत ते सगळे लग्नातले, खुर्चीत बसून. काष्टा कुठे दिसतोय त्यात! वर्णन करताना मी पहिल्यांदा नीट विचार केला की टोक नक्की कुठून कुठे जातं. काकूंना फोन करून विचारलं, त्यांनी उभ्याउभ्या नेसून दाखवली.

रेघोट्या
म्हणजे खरं प्रॉम्प्ट इंजिनियर काकू.

नकोबाई
आमंत्रणातला मजकूर कोणी लिहिला पण? माझ्या चित्रात 'हळदीकुंकू'चा 'ळ' उलटा आला आणि पुढे दोन अनोळखी अक्षरं.

टोकनमोजे
चित्रात अक्षरं मागूच नका. वरचा तिसरा भाग 'कोरी भिंत' म्हणून मागा आणि मजकूर नंतर साध्या अ‍ॅपमध्ये युनिकोड फॉन्टने टाका.

काष्टेवाली
तेच केलं. नथ मात्र रेघोट्यांना पाठवतेय. किती घेणार ते आधी सांगा, मंडळाची वर्गणी माणशी शंभर आहे.